शाल घालून घालवलेला सेंटर हाफ

आमच्याकडे एखादा माणूस नको झाला की त्याचा सत्कार करतात. शिव्या देऊन हाकलला तर तो भांडतो, चार लोक त्याच्या बाजूने उभे राहतात, विषय वाढतो. शाल घातली की त्याचे खांदे जखडतात, हातात नारळ येतो, समोर फोटोवाला उभा असतो, आणि हसण्याशिवाय त्याला काही करता येत नाही. मी लोणावळ्यात शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे गावातली बरीचशी मानपत्रं माझ्याकडून लिहून घेतली जातात. त्यांतलं एक मला परत घ्यायचं आहे. ते घेता येत नाही म्हणून हे लिहितो आहे. रागाने लिहितो आहे, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमचा हॉकीचा संघ आहे. मावळात हॉकी म्हटलं की लोक आधी हसतात. इथे गावोगावी कबड्डी आहे, टेनिस बॉलच्या क्रिकेटला तोटा नाही, हॉकी कुठून आली? ती रेल्वेत नोकरीला आलेल्या जुन्या माणसांबरोबर आली. ती माणसं निवृत्त होऊन आपापल्या गावी गेली, स्टिका इथे राहिल्या. मी स्वतः कधी धड खेळलो नाही. अक्षर बरं म्हणून मला सेक्रेटरी केलं, आणि दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून मी राहिलो.

ज्याच्याबद्दल लिहायचं आहे त्याला सगळे भाऊ म्हणायचे, त्याच्यापेक्षा मोठेसुद्धा. मळवलीचा. घरची भातशेती, शिवाय एका मुंबईकर कुटुंबाचा बंगला सांभाळायचा. शनिवार-रविवार बंगल्यावर पाहुणे असायचे, आणि आमच्या मॅचेसही रविवारीच. तो पहाटे उठून पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी, नाश्त्याचं सामान असं सगळं लावून द्यायचा, बायकोला चार गोष्टी सांगायचा आणि लोकलने एक स्टेशन येऊन मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर असायचा. सेंटर हाफ म्हणजे मैदानाच्या मधोमध उभा राहणारा खेळाडू. मागच्यांना अडवायला मदत करायची आणि पुढच्यांना चेंडू पुरवायचा. गोल त्याच्या नावावर लागत नाहीत. पेपरात कधी आमची दोन ओळींची बातमी आलीच, तर तिच्यात त्याचं नाव नसायचं.

त्याने आमच्या संघाला एक सवय लावली होती. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

आमचं मैदान मुरमाचं. पावसाळ्यात चार महिने ते तळं असतं. पाणी ओसरलं की खालचे खडे वर येतात, आणि ते थेट उन्हाळ्यापर्यंत वर येतच राहतात. खड्यावर चेंडू उडाला तर तो कुणाच्या दातांत जाईल याचा नेम नाही. पूर्वी जो तो आपल्या पायाखालचे खडे लाथेने बाजूला सारायचा, म्हणजे दुसऱ्याच्या पायाखाली. भाऊ संघात आला आणि त्याने सगळ्यांना गोललाइनवर एका रांगेत उभं केलं, भाताची लावणी करताना बांधाला उभं करतात तसं. खांद्याला खांदा, कमरेत वाकून, दोघांत एक घमेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं आणि खडे वेचायचे. कुणी पुढे पळायचं नाही, कुणी मागे राहायचं नाही. गोळा झालेले खडे मैदानाच्या कडेला ओतायचे. काही वर्षांत तिथे गुडघाभर उंचीचा बांध तयार झाला. लोक मॅच बघायला त्याच्यावर बसत.

या रांगेला एक नियम होता. कुणी केला माहीत नाही, बहुधा त्यानेच. रांगेत कुणीही कुणालाही काहीही सांगू शकायचं, आणि ऐकणाऱ्याने त्या टोकाला पोहोचेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. सगळ्यांच्या नजरा खाली, हात खड्यांत. डोळ्यांत बघून जे बोलवत नाही ते तिथे बोललं जायचं, आणि टोकाला पोहोचेपर्यंत निम्म्या लोकांचं उत्तर विरून जायचं.

आमचा गोलकीपर इलेक्ट्रिशियन आहे, तोंडाने फटकळ. एकदा तो माझ्या शेजारी वाकला होता.

"सर, तुमच्या मीटिंगचा वृत्तांत वाचायला लागलं की चहा गार होतो."

मी तोंड उघडलं. नियम आठवला, खडे वेचले.

"आणि सर, त्यात तुम्ही 'सर्वानुमते' लिहिता. मी तर झोपलेलो असतो."

रांग हसत पुढे सरकली. पुढच्या वेळेपासून मी वृत्तांत एका पानात बसवायला लागलो.

आता अध्यक्ष. बंगल्यांचे प्लॉट पाडून विकणं हा त्यांचा व्यवसाय, आणि अध्यक्ष असणं हा त्यांचा स्वभाव. चार-पाच संस्थांचे ते अध्यक्ष आहेत. आमच्याकडे आले तेव्हा गोलच्या फाटक्या जाळ्या त्यांनी बदलून दिल्या, हे नाकारत नाही. त्यांना एक तरी कप आणायचा होता, हेही खरं असावं. पण मॅच चालू असताना ते साइडलाइनवर उभे राहून ओरडायचे. "लेफ्टला दे! अरे, राइटला दे!" दोन्ही एका दमात. आणि त्यांच्या मागे चारजण तेच ओरडायचे.

गेल्या मोसमाच्या शेवटी ते फोटोसाठी रांगेत आले. पांढरे बूट होते, तरी वाकले. भाऊ त्यांच्या शेजारी होता. त्याने आधी एक खडा घमेल्यात टाकला.

"साहेब, एक सांगू का? मॅचच्या टायमाला तुमी वरडू नका. पोरं तुमच्याकडं बघत्यात, बॉलकडं कुनी बघत न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. अध्यक्षही हसले. फक्त आम्ही थांबल्यावरही ते थोडा वेळ हसत होते. टोकाला पोहोचल्यावर त्यांना उत्तर द्यायची मुभा होती. ते हात रुमालाला पुसून गाडीत बसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं तर कळलंच होतं.

त्याच दिवशी स्टिका बांधताना भाऊने मला बाजूला घेतलं होतं.

"सर, गुडघा काय ऐकंना आता. एकच साल खेळीन म्हनतो. हितंच खेळीन आन् हितंच ठिवीन स्टिक."

"ठेव की. कोण नको म्हणतंय?"

हे माझे शब्द.

दसऱ्यानंतर समितीची बैठक झाली. आम्ही सातजण, चहा, भजी. अध्यक्षांनी विषय काढला. आंबीच्या बाजूला त्यांच्या ओळखीच्या एका कारखान्याचा हॉकी संघ आहे. ते आपल्याला दोन फॉरवर्ड द्यायला तयार आहेत, टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, खेळलेले. बदल्यात त्यांना आपला सेंटर हाफ हवा आहे.

"अदलाबदल आहे सर, जगभर चालते. प्रोफेशनल व्हायला पाहिजे आपण. छत्तिशीचा माणूस देऊन दोन तरुण मिळतायत, मला तर त्यांचं हसू येतंय."

मला प्रश्न पडला होता, की आंबीवाल्यांना हसू का येत नाही. ते वेडे आहेत, की त्यांना काही दिसतं आहे जे आपल्याला दिसत नाही? हा प्रश्न मी विचारला नाही. मी एवढंच म्हणालो, "भाऊला विचारलंय का?"

"विचारायचं काय त्यात? चांगला सत्कार करू. तुम्ही मानपत्र लिहा. तुमच्यासारखं लिहिणारा आहे कोण इथे?"

माणसाला विकत घ्यायला याहून कमी लागत नसेल. मी घरी जाऊन आधी ना हरकत दाखला लिहिला. 'सदर खेळाडूस आपल्या संघाकडून खेळू देण्यास आमची कोणतीही हरकत नाही.' खाली सेक्रेटरी म्हणून सही. ती सही नसती तर कागद पुढे सरकला नसता. नियमच तसा आहे, आणि तो मला तोंडपाठ आहे. मग मी मानपत्र लिहायला घेतलं आणि, लाज वाटते सांगायला, ते लिहिण्यात रंगलो. 'मैदानाच्या मध्यभागी उभे राहून ज्याने दोन्ही बाजूंना आधार दिला, तो आज नव्या क्षितिजाकडे झेपावत आहे.' नवं क्षितिज म्हणजे तळेगावच्या पुढे अर्ध्या तासावर असलेलं पत्र्याचं शेड. हे मला माहीत होतं, तरी वाक्य काही खोडवलं नाही. दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं.

बैठक गुरुवारी झाली होती. रविवारी मैदानावर मी भाऊला सांगायचं आणि लगेच सत्कार, असं ठरलं. पण आमच्याकडे कुठल्याही गोष्टीत फ्लेक्स आधी लागतो, गोष्ट मागून घडते. फ्लेक्सवाल्याची गाडी शुक्रवारी मळवलीकडे जाणार होती, तर त्याने जाता जाता स्टेशनच्या रस्त्याला बोर्ड लावून टाकला. वर अध्यक्ष हात जोडून, कमरेपर्यंत. खाली समितीचे आम्ही सातजण, गोल गोल चौकटींत. आणि कोपऱ्यात भाऊ, कुठल्यातरी ओळखपत्रावरून काढलेला फोटो, कान मोठे दिसणारा. 'मळवलीचे सुपुत्र भाऊ यांना पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.'

दुपारी मला फोन आला. मी वर्गावर होतो, बाहेर येऊन घेतला.

"सर, हितं स्टेशनपाशी बोर्ड लागलाय माजा."

"हो, ते..."

"मी कुटं चाललोय?"

मी म्हणालो, रविवारी सांगणारच होतो. मग आंबी, दोन फॉरवर्ड, संघाच्या हिताचं, असं काहीतरी बोललो. मुलांना व्याकरण शिकवणारा माणूस, एक वाक्य धड पूर्ण झालं नाही.

तिकडे एक दुधाची गाडी गेल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बरं बरं. दुकानदार इचारत हुता, म्हनून फोन केला. त्याला काय सांगावं कळंना."

रविवारी सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ, मानपत्र. मानपत्र मीच वाचलं. टाळ्या माझ्या वाक्यांना पडत होत्या आणि त्या मला ऐकायला येत होत्या, म्हणजे कान त्याही दिवशी शाबूत होते. अध्यक्षांनी अर्धा तास भाषण केलं. त्यात भाऊ चार मिनिटं होता, बाकी टर्फ. भाऊला बोलायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला बोलता येत न्हाई. खेळा चांगलं." फेटा त्याला मोठा झाला होता, कपाळावरून सारखा खाली येत होता. तो हाताने वर सारत भाऊ लोकलला गेला. मानपत्राची फ्रेम काखेत, स्टिक हातात.

सोमवारपासून आमचा संघ प्रोफेशनल झाला.

दोन फॉरवर्ड मोटारसायकलवरून आले. चांगले खेळाडू होते, खोटं कशाला बोलू. मुलगे म्हणून वाईटही नव्हते. पहिल्या दिवशी गोलकीपरने त्यांच्यासमोर घमेलं ठेवलं. एकाने विचारलं, "हे काय?" खडे वेचायचेत, म्हटल्यावर त्याने दुसऱ्याकडे पाहिलं. "आम्हाला खेळायला बोलवलंय ना?" अध्यक्ष तिथेच होते. म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, ज्युनिअर पोरं वेचतील. ज्युनिअर पोरांनी दोन दिवस वेचले. मग ठरलं, उशिरा येईल त्याने वेचायचे. म्हणजे ती शिक्षा झाली. आणि शिक्षा झाल्यावर सगळे वेळेवर यायला लागले. मैदानात खडे तसेच राहिले. याला अध्यक्ष शिस्त म्हणत.

पहिल्या दोन मॅच आम्ही जिंकलो. अध्यक्षांनी मला फोन करून विचारलं, "काय सर, काय म्हणतं तुमचं मराठी मन?" मी हसलो. दर वेळी हसतोच आहे मी, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

तिसऱ्या मॅचपासून बिघडायला लागलं, आणि ते खेळात दिसायच्या आधी फोनमध्ये दिसलं. संघाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. आता तीन झाले. एक नव्या फॉरवर्डना वगळून, एक गोलकीपरला वगळून, आणि तिसरा अधिकृत. या तिसऱ्यात अध्यक्ष रोज सकाळी फुलं टाकायचे आणि बाकीचे हात जोडायचे. पूर्वी जे रांगेत तोंडावर सांगितलं जायचं, ते आता दुसऱ्या ग्रुपमध्ये पाठीमागे लिहिलं जायला लागलं. चेंडू कुणी कुणाला देत नाही, हे प्रत्येकाने मला वेगवेगळं येऊन सांगितलं. प्रत्येकाचा 'कुणी' वेगळा होता. आमचा लेफ्ट हाफ चिक्कीच्या दुकानात काम करतो. तो यायचा बंद झाला. फोन केला तर म्हणाला, "दुकानात गर्दी आहे सर." लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात गर्दी नसते कधी? एवढी वर्षं तो त्या गर्दीतूनच यायचा.

दिवाळीनंतर अध्यक्षांनी जेसीबी आणला आणि खड्यांचा बांध सपाट केला. तिथे मान्यवरांसाठी स्टेज आणि लाल कार्पेट करायचं होतं. इतक्या वर्षांत वाकून वाकून रचलेला तो बांध मशीनने दुपारच्या जेवणाआधी उचलला. गोलकीपर बघत उभा होता. मला म्हणाला, "सर, स्टेजच्या यादीत तुमचं नाव पण आहे. तिसरी खुर्ची. अभिनंदन."

त्या संध्याकाळी मी मळवलीला गेलो.

भाऊ खळ्यात भात झोडत होता. मला बघून पेंढी ठेवली, हात झटकले, खाट ओढली. त्याच्या बायकोने चहा आणला. घरात भिंतीवर मानपत्राची फ्रेम होती. सरळ, नीट, खिळ्याला. मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

"आंबीला कसं काय?"

"चांगली हायेत मानसं. डबा पन देत्यात."

"गुडघा?"

"हाय तसाच."

मी म्हणालो, "भाऊ, मी बैठकीत विषय काढतो. परत ये तू. मोसम अर्धा बाकी आहे. आंबीच्या कोचशी फोनवर बोललोय मी. तो म्हणाला, 'सोडवत नाही, पण त्याला स्वतःला यायचं असेल तर अडवणार नाही.'"

त्याने खाटेखाली सांडलेले दाणे वेचून सुपात टाकले. मग म्हणाला, "समितीनं बोलवलं तर यीन की. मी कुटं गेलतो मनानं? पन माज्या तोंडानं मी मागायचो न्हाई, सर. बोर्ड त्यांनी लावला. त्यांनीच काढायचा." मी त्याला चार शिव्या मागायला गेलो होतो बहुतेक. त्याने मला पिशवीभर इंद्रायणी तांदूळ दिला.

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. या वेळी उभं राहून. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग फोन काढला. त्यात मानपत्राचा फोटो होता. चष्मा लावून त्यांनी वाचलं. "'तो आज नव्या क्षितिजाकडे झेपावत आहे.' सर, हे तुमचंच आहे ना? मानपत्र दिलेला माणूस परत कसा घ्यायचा? दीड महिन्यात क्षितिजावरून माघारी? लोक हसतील. आणि शाल, फेटा, ते काय परत मागायचं?"

सगळे हसले. एकजण म्हणाला, फार तर त्याला उद्घाटनाला बोलवू. वृत्तांतात मी त्या दिवशी 'सर्वानुमते' लिहिलं नाही. एवढाच काय तो पराक्रम.

मोसमातली शेवटची मॅच आमच्या मैदानावर होती, आंबीशी. जिंकलो असतो तर आम्ही पुढच्या फेरीत जाणार होतो, म्हणून अध्यक्षांनी स्टेज, माइक, मान्यवर असं सगळं मांडलं होतं. मी छातीवर बिल्ला लावून तिसऱ्या खुर्चीत. चिक्कीच्या दुकानातला लेफ्ट हाफही आला होता, पण साध्या कपड्यांत, प्रेक्षक म्हणून. बसायला बांध नाही म्हणून उभाच होता.

आंबीची बस आली. भाऊ सगळ्यांत शेवटी उतरला, त्यांच्या निळ्या जर्सीत. त्याने मैदानाकडे पाहिलं, मग कडेला पाहिलं. बांध जिथे होता तिथे त्याची नजर थोडी थांबली. मग सरळ सामानाच्या पत्र्याच्या खोलीमागे गेला. घमेली कुठे ठेवतात हे त्याला कुणी सांगायला नको होतं. ती गंजली होती, एकात कोळ्याने घर केलं होतं. त्याने ती झटकली आणि गोललाइनवर जाऊन वाकला.

त्याने कुणाला हाक मारली नाही. आंबीची पोरं बॅगा टाकून आपणहून त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. खांद्याला खांदा, दोघांत एक घमेलं. सगळी रांग पुढे सरकली. आमच्या मैदानावरचे खडे ते वेचत होते आणि आमचे अकराजण स्टिका टेकून बघत होते.

त्यांचा कोच माझ्या खुर्चीशी आला होता. म्हणाला, "सर, आमच्या मैदानात गवत आहे, खडा औषधाला नाही. तरी हा माणूस आल्यापासून रोज असेच चालतात. खाली बघून काय बोलतात ते मला सांगत नाहीत. पण माझ्याकडे तक्रारी यायच्या बंद झाल्या."

म्हणजे त्यांना आधीच दिसलं होतं. आम्ही एक सेंटर हाफ दिला असं समजत होतो, आणि त्यांनी आमची रांग उचलून नेली. तीही आम्ही फेटा बांधून दिली.

अध्यक्षांनी माइक घेतला. "पाहुण्या संघाचं श्रमदान! टाळ्या!" फोटोवाल्याला त्यांनी हाताने पुढे ढकललं.

तेवढ्यात आमचा गोलकीपर हलला. पायाला जाड पॅड, वाकता येत नव्हतं. तो सरळ गुडघ्यांवर बसला आणि रांगेच्या टोकाला सरकत सरकत खडे उचलायला लागला. मग लेफ्ट हाफ, साध्या कपड्यांत. मग आमचे आणखी तिघे. दोन्ही फॉरवर्ड एकमेकांकडे बघत होते. त्यांतला एक गेला, दुसरा नाही गेला. मी बिल्ला काढून खुर्चीवर ठेवला. धीट होतो म्हणून नाही. तिथे बसवेना.

रांगेत भाऊच्या डाव्या बाजूला जागा झाली. मी वाकलो. कंबर दुखली, या मोसमात एकदाही वाकलो नव्हतो. काही पावलं आम्ही खडे वेचत गेलो. मग तो बोलला, खाली बघूनच, शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

"सर, मानपत्र मी रोज वाचतो. लय भारी लिवलंय. पोरीनं शाळंत वाचून दावलं."

मी एक खडा उचलला.

"एवढं लिवता येतंय तुमाला. तर त्या कागदावर 'हरकत हाय' एवढंच लिवायचं हुतं. दोनच शब्द. माजं एक साल राहिलं हुतं हितलं, सर, तुमाला सांगितलं हुतं मी."

कारणं सगळी तयार होती. अध्यक्ष, बैठक, फ्लेक्सवाला, सहा जण, नियम. उत्तर द्यायचं नव्हतं. खडे बारीक होते, बोटांत येत नव्हते.

"आता समितीनं बोलवलं तरी यायचो न्हाई. ही पोरं रांग धरायला लागली. त्यांना मधीच सोडून आलो तर मग तुमच्यात आन् माज्यात फरक काय राहिला?"

रांग त्या टोकाला पोहोचली. सगळे सरळ झाले, पाठीला हात लावले. आता बोलायची मुभा होती. तो माझ्याकडे बघत थांबला, रागाने नाही, नियम आहे म्हणून थांबतात तसा. मी म्हणालो, "हो. लिहायला हवं होतं." त्याहून जास्त काही असेल तर मला ते अजून सुचलेलं नाही.

त्याने घमेलं उचललं आणि सवयीने कडेला निघाला. बांध नव्हता, तिथे कार्पेट अंथरलेल्या पायऱ्या होत्या. तो क्षणभर घुटमळला, मग जिथे ओतायचे तिथेच त्याने खडे ओतले, स्टेजच्या पहिल्या पायरीला टेकून. मागून दुसऱ्या पोरांनी ओतले, गोलकीपरने ओतले, मीही ओतले. अध्यक्ष माइकवरून "अरे, अरे, इथे नाही" म्हणत होते, आणि ते लाउडस्पीकरमधून सगळ्या मैदानाला ऐकू जात होतं.

मग शिट्टी झाली. भाऊ निळ्या जर्सीत मधोमध जाऊन उभा राहिला, त्याच्या नेहमीच्या जागेवर, आमच्याकडे तोंड करून.